एकतीस श्रावण, तीस रेघा

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो. खिडकीची नव्हे आणि कपाटाचीही नव्हे. उमेळ्याच्या पलीकडे खाडीला लागून जो मातीचा बांध आहे, त्याच्या उघाडीची मी झडप. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात दगडाने बांधलेली पाण्याची वाट. भरती आली की खाडीचे खारे पाणी मला बाहेरून दाबायचे आणि मी मिटायचे. ओहोटी लागली की शेतातले गोडे पाणी मला आतून ढकलायचे आणि मी उघडायचे. इतकेच माझे काम, पण त्या कामावर सगळ्या गावाचा भात पिकत होता.

आधीच सांगून ठेवते, मी मायाळू नाही. तुमच्या निबंधाच्या वहीतली जुनी छत्री, जुने घड्याळ, फाटके पुस्तक आपापली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. त्यांना जमते, मला जमत नाही. मी एकतीस वर्षे खाडीचे पाणी पचवले आहे. ज्यांनी माझ्या श्रीपतला खोटे ठरवले त्यांची नावे मला अजून तोंडपाठ आहेत.

माझा जन्म आगाशीच्या एका मेस्त्रीच्या अंगणात झाला. सागाच्या पाच उभ्या फळ्या, त्यांना मागून दोन आडव्या पट्ट्या आणि वर दोन जाड बिजागऱ्या. पाचूबंदराहून माशाचे तेल आणून मेस्त्रीने मला तीन वेळा चोळले. तो वास इतका उग्र होता की बैलगाडीतून येताना वाटेतली कुत्री माझ्यामागे लागली होती. मी जरा तोऱ्यातच उघाडीवर बसले. त्याच वर्षी उघाडीचा राखणदार श्रीपत याचे लग्न झाले आणि कृष्णाबाई गावात आली. म्हणून ती माझे वय स्वतःच्या लग्नावरून मोजायची. मेस्त्रीने मला करून दिले खरे, पण मला सांभाळले श्रीपतने. भरती ओसरली की तो गुडघाभर चिखलात उतरायचा आणि माझ्या फटीत अडकलेल्या पिशव्या, थर्माकोल, नारळाच्या करवंट्या काढायचा. कधी हाताला लागायचे, मग मला एक शिवी हासडायचा आणि लगेच माझ्यावर थोपटायचा.

नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ देतात, तसा आमचा श्रीपत मला द्यायचा. कृष्णाबाई बांधावर हळदकुंकवाचे ताट घेऊन उभी राहायची. नारळ वाहून झाला की श्रीपत पटाशी काढायचा आणि माझ्या मागच्या वरच्या पट्टीवर, जिथे पाणी पोचत नाही तिथे, एक उभी रेघ कोरायचा. एका श्रावणाची एक रेघ. दोन रेघांत बरोबर एका बोटाचे अंतर. दुखायचे थोडे, पण वर्षभर त्या दिवसाची वाट मी पाहायचे.

एकतीस श्रावण असे गेले. मग संग्राम साहेब आले.

ते सरकारी खात्यातले अभियंता. गाडीतून उतरायच्या आधी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायचे. त्यांच्याबरोबर भूपेश नावाचा ठेकेदार होता आणि खात्याचा मुकादम काळूराम. काळूराम आमच्याच गावचा. श्रीपतबरोबर बांधावर बसून त्याने किती वर्षे चहा प्यायला असेल, मोजदाद नाही. तोपर्यंत मी खरोखरच थकले होते. किड्यांनी माझ्या खालच्या दोन फळ्या पोखरल्या होत्या. श्रीपतनेच अर्जामागून अर्ज करून नवी झडप मागितली होती. ती मंजूरही झाली. मला वाटले, चला, सुटले.

पण नवी झडप कधी आलीच नाही. वैशाखातल्या एका दुपारी मला काढून बांधावर आडवे केले. माझ्या भोकांत पुट्टी भरली, रेघांतही भरली आणि वरून हिरवा ऑइलपेंट फासला. ब्रश काळूरामाच्या हातात होता. मग पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर लिहिले: ‘नवीन झडप’, खाली कामाचा क्रमांक आणि साल.

श्रीपत धावत आला. "साहेब, ह्यो काय प्रकार? हिच्या खालच्या फल्या बोटानं दाबल्या तरी आत जातान. उधानाची भरती ही झेलनार नाय."

संग्राम साहेब मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "कागदावर नवीन आहे ना? मग नवीनच."

श्रीपतने काळूरामाकडे पाहिले. काळूराम ब्रश धूत बसला. त्या दिवशी साहेबांनी आणि भूपेशने नव्या झडपेचा पैसा वाटून घेतला हे मला पुढे कोर्टात कळले. पण मला पैशाचा राग नव्हता. राग होता तो रंगाचा. म्हातारीला नवरीचा शालू नेसवून उभी करावी आणि वर हसावे, तसे माझे झाले होते. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला श्रीपतने नारळ वाहिला, पण पटाशी काढली नाही. "खोट्या नावावर रेघ मारनार नाय," एवढेच कृष्णाबाईला म्हणाला. मला ते फार लागले, पण त्याचे बरोबर होते.

भाद्रपदाच्या अवसेला भर दुपारी भरती चढली. भात पोटरीला आला होता, कणसे बाहेर पडायचीच बाकी होती. श्रीपत त्या दिवशी बांधावर नव्हता. त्याची मुलगी स्वप्नाली हिचा साखरपुडा आगाशीला होता आणि कृष्णाबाईने त्याला हाताला धरून नेले होते. पाण्याने मला दाबले. मी मिटले, मित्रांनो, शपथेवर सांगते, मी मिटले होते. पण खालच्या दोन फळ्या पुट्टीसकट फुटल्या आणि खाडी शेतात शिरली. आठ दिवसांत सगळा भात पिवळा पडला.

खात्याचा अहवाल आला. त्यात लिहिले होते, राखणदार गैरहजर होता, त्याच्या हलगर्जीपणामुळे नवीन झडप उघडी राहून तिचे नुकसान झाले. गावाला आयता माणूस मिळाला. श्रीपतच्या ओट्यावर येणारी माणसे वाट वाकडी करून जाऊ लागली. लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या. एकदा पाण्याच्या टँकरवर एका बाईने कृष्णाबाईची कळशी रांगेतून उचलून मागे ठेवली आणि कोणी काही बोलले नाही. त्या बाईचे नावही मला माहीत आहे.

फुटल्यावर मला काढून बांधावर टाकले होते. भूपेशचा टेंपो मला न्यायला आला तेव्हा श्रीपत माझ्यावर मांडी घालून बसला. "हिला न्यायची तं मना पन उचला," म्हणाला. टेंपो रिकामा गेला. मग त्याने मला ओढत आपल्या गोठ्यात आणले आणि घरात बजावून ठेवले, "हिच्या रंगाला कोनी हात लावाचा नाय. त्यो रंगच त्यांची सही हाय." पुढच्या वर्षी तो गेला. डॉक्टरांनी कागदावर काही आजार लिहिला. कृष्णाबाईला आणि मला कारण ठाऊक होते. त्याला खांदा द्यायला गावातून चार माणसे गोळा करताना स्वप्नालीच्या नवऱ्याला दारोदार फिरावे लागले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईने तक्रार दिली. तिला भातही नको होता आणि भरपाईही नको होती. तिला फक्त एवढेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते की झडप श्रीपतने उघडी टाकली नाही. चौकशी झाली, पंचनामा झाला आणि मी मुद्देमाल झाले. माझ्या बिजागरीला लाखेची मोहोर लागली. मुद्देमालाच्या खोलीच्या दारातून मी आत जाईना, म्हणून मला कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात खांबाला बांधून उभे केले. तिथे मी चार वर्षे होते. शिपाई माझ्यावर ओला रेनकोट वाळत घालायचा. कोणीतरी पानाची पिचकारी मारायचे. एक मांजर माझ्यामागे दोनदा व्यायली. पण त्या व्हरांड्यात एक सोय होती, सगळे कारस्थान तिथेच शिजायचे.

काळूरामाच्या साक्षीच्या सकाळी भूपेश त्याला घेऊन नेमका माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "परत बोल," भूपेश म्हणाला.

"तेरा मे, सकाळी साडेनऊ वाजता नवीन झडप टेंपोतून आली. मी स्वतः उतरवून घेतली. पावणेबाराला बसवून झाली. जुनी झडप कुजलेली होती, ती लोकांनी जळणाला नेली."

"शाब्बास. आणि श्रीपत?"

"श्रीपत पिऊन पडलेला असायचा."

मित्रांनो, श्रीपतने आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नव्हती. काळूराम माझ्यावर कोपर टेकून उभा होता. माझ्या कडेचा एक गंजका खिळा वर आला होता. जाताना त्याची बाही त्या खिळ्यात अडकली आणि कोपरापासून मनगटापर्यंत टर्रकन फाटली. योगायोग म्हणा हवे तर. मी म्हणणार नाही.

फाटक्या बाहीनेच त्याने साक्ष दिली, आणि काय झकास दिली! सरकारी वकिलांनी उलटसुलट विचारले, पण एक मिनिट इकडचे तिकडे झाले नाही. त्या दिवसापासून माझी सुनावणी सुरू झाली की दोन शिपाई मला उचलून कोर्टात भिंतीशी उभे करायचे. तिथून मला न्यायाधीशबाईंचे तोंड दिसायचे. त्या खाली मान घालून लिहून घेत होत्या. मला वाटले, आता संपले.

पुढच्या तारखेला कृष्णाबाईची पाळी होती. व्हरांड्यात स्वप्नाली तिच्या कानाशी लागली. "आई, मी काय सांगते ऐक. बाबा बांधावर होते असंच बोल. कोणाला काय माहीत? माझ्या साखरपुड्याचं नाव काढू नको. एकदा ते नव्हते म्हणालीस की केस गेली."

मी तर मनातल्या मनात ओरडत होते, होय ग बाई, ऐक पोरीचे! ते खोटे बोलतात, आपणही बोलू. खोट्याला खोट्याने मारू. मला तेव्हा न्याय वगैरे काही नको होता. संग्राम साहेबांची मान खाली गेलेली बघायची होती, मग ती कशीही जावो.

कृष्णाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. बचावाच्या वकिलांनी आधी तिला पाणी शिरल्याची तारीख विचारली. ती म्हणाली, "अवस." वेळ विचारली, तर म्हणाली, "भरलं पानी व्हतं, ओहोट लागाची व्हती." कोर्टात हशा पिकला. वकील म्हणाले, "बाई, घड्याळ कळतं का तुम्हाला?" ती म्हणाली, "नाय." रंग कोणत्या महिन्यात दिला यात ती चुकली आणि टेंपोचा रंगही चुकीचा सांगितला. प्रत्येक चुकीला वकील न्यायाधीशबाईंकडे बघून हसायचे. मग त्यांनी हळूच विचारले, "पाणी शिरलं तेव्हा तुमचे पती उघाडीवर होते की नव्हते?"

स्वप्नालीने डोळे मिटले.

"नव्हते," कृष्णाबाई म्हणाली. "आगाशीला व्हते. पोरीचा साखरपुडा व्हता. त्ये यायला तयार नव्हते, मीच हाताला धरून नेलं. राग काढाचा तं माज्यावर काढा."

माझ्या फळ्या तडकतात की काय असे झाले मला. इतका संताप मला खाडीचाही आला नव्हता. संग्राम साहेब खुर्चीत मागे रेलले. वकिलांनी शेवटचा घाव घातला. "मग ही झडप जुनीच होती हे कशावरून म्हणता? तुमच्याच गोठ्यात होती ना? रंगवली कशावरून नाही तुम्ही?"

"रंग खरवडा," कृष्णाबाई म्हणाली. "मागच्या वरल्या पट्टीला एकतीस रेघा हायेत. त्ये दर नारली पुनवेला एक मारीत. नवी असंल तं एकतीस श्रावन कुठून आले तिच्या अंगावर?"

न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदाच लिहिणे थांबवले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलंच नाय, बाईसाहेब."

आमच्या बाजूचे सगळे सुखावले. मी मात्र भिंतीशी गारठून गेले. कारण माझ्या अंगावर एकतीस रेघा नव्हत्या. तीसच होत्या.

पुढच्या तारखेला सुताराला बोलावले. दोन्ही बाजूंचे लोक जमले आणि न्यायाधीशबाई स्वतः खुर्चीवरून उतरून माझ्यापाशी आल्या. सुतार खरवडू लागला. ‘नवीन’ हा शब्द सालपटासारखा खाली पडला. खालच्या फळ्यांवरची पुट्टी निघाली आणि माझी सगळी भोके उघडी पडली. एकेकाळची तोऱ्यातली मी भर कोर्टात कुजकी ठरले. लाज वाटली, नाही म्हणत नाही. पण संग्राम साहेबांना बुडवायचे तर मला उघडे पडणे भाग होते, आणि तेवढी किंमत मी आनंदाने दिली.

मग वरच्या पट्टीवरची पुट्टी निघाली. बचावाचे वकील पुढे सरसावून मोठ्याने मोजू लागले. शेवटचा आकडा त्यांनी मुद्दाम लांबवला. "तीस! बाई एकतीस म्हणाल्या. मॅडम, रेघा यांनीच मागाहून मारल्यात आणि मारतानासुद्धा हिशेब चुकलाय."

कृष्णाबाईने तोंडाला पदर लावला. बोटांवर मोजू लागली, परत मोजू लागली. तिला आठवेना. मला तोंड नव्हते. पण दाराशी एक माणूस उभा होता ज्याला तोंडही होते आणि सगळे माहीतही होते. तो काळूराम. त्याने मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यासाठी मी त्याला कधीही विसरणार नाही.

"मी हात लावू का हिला?" कृष्णाबाईने विचारले. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. ती आली, डोळे मिटून पट्टीवरून बोट फिरवू लागली. एक, दोन, तीन. तिचे ओठ हलत होते. अठराव्या रेघेनंतर तिचे बोट पुढच्या रेघेसाठी सरकले आणि तिथे काही लागलेच नाही. एका बोटाच्या जागी दोन बोटांची सपाट, कोरी जागा. बोट तिथेच थांबले.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "हितं माजी सासू गेली. पुनवेच्या दोन दिस आधी. सुतक व्हतं, नारल नाय वाहिला, रेघ नाय मारली. पन त्यांनी जागा सोरली व्हती. मी गेलेच नव्हते बांधावर त्या सालाला, म्हनून ध्यानात नाय राह्यलं."

कोर्टात कोणी हसले नाही. न्यायाधीशबाईंनी आपली मोजपट्टी मागवली आणि अंतर मोजले. पुढच्या आठवड्यात स्वप्नालीने आजीच्या मृत्यूचा दाखला आणला. मी बसले त्या वर्षापासून मोजले तर एकोणिसावे वर्ष, श्रावण महिना, पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची तारीख.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी जे वाचले ते मला शब्दन् शब्द आठवते. त्या म्हणाल्या, काळूराम यांची साक्ष एकाही ठिकाणी अडखळली नाही, आणि इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट मिनिटामिनिटाने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला हे न्यायालय धजत नाही. कृष्णाबाई तारखेत चुकल्या, महिन्यात चुकल्या, रेघांच्या संख्येतही चुकल्या. पण त्यांच्या चुका बघणाऱ्या माणसाच्या आहेत, रचणाऱ्याच्या नाहीत. रेघा बनवणारा एकतीस सांगून तीस कोरणार नाही. आणि पती जागेवर नव्हता हे स्वतःच्या विरुद्ध जाणारे सत्य ज्या बाईने न दडवता सांगितले, तिचे बाकीचे म्हणणे मी खरे धरते.

पुढे त्यांनी एक वाक्य वाचले. "श्रीपत यांनी झडप उघडी टाकली नव्हती. ती कुजलेली असल्यामुळे फुटली." कृष्णाबाई बाकावर बसून हमसून हमसून रडली. पाच वर्षांत ती पहिल्यांदा रडली.

संग्राम साहेबांना आणि भूपेशला शिक्षा झाली. पोलिसांनी साहेबांना माझ्यासमोरून नेले तेव्हा मी नीट बघून घेतले. त्या दिवशी त्यांच्या बुटांवर पिशव्या नव्हत्या. काळूरामाला खोट्या साक्षीबद्दल नोटीस निघाली. मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

वरच्या कोर्टातही निकाल टिकला आणि कृष्णाबाईने मला मागून घेतले. आता मी तिच्या ओट्यावर भिंतीला लावलेली आहे, रेघा बाहेरच्या बाजूला. उघाडीला नवी झडप बसली, खरोखरची नवी. या नारळी पौर्णिमेला गाव कृष्णाबाईच्या दारात आले. पहिला नारळ तुझ्या हातून, म्हणाले. कळशी मागे सारणारी ती बाईही होती. सगळ्यांच्या मागे काळूराम उभा होता.

कृष्णाबाईने नारळ घेतला नाही. "आदी मोज," ती काळूरामाला म्हणाली. "मोठ्यानं."

तो पुढे आला आणि बोट लावून मोजू लागला. सगळे गाव ऐकत होते. अठरा म्हणाला आणि थांबला. त्याचे बोट कोऱ्या जागेवर होते. त्या वर्षी म्हातारीला खांदा देणाऱ्या चौघांत तो होता, मित्रांनो.

"हितं... हितं काकी गेली," काळूराम म्हणाला आणि खालीच बसला.

"आता बोललास," कृष्णाबाई म्हणाली. "कोर्टात बोलला अस्तास तं." मग तिने नारळ उचलला आणि कोणाकडेही न बघता बांधाची वाट धरली.

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे आहे. जुन्या वस्तूला रंग देऊन नवी म्हणू नका, तिची डागडुजी करा. आणि कोणी अडखळत बोलत असेल तर हसण्याआधी त्याचे बोट कुठे थांबते ते पाहा. कृष्णाबाईने काळूरामाला माफ केले की नाही ते तिला विचारा. परवा तो पुन्हा ओट्यावर आला होता आणि उठताना आधारासाठी माझ्याकडे हात नेत होता. माझा तो खिळा अजून तिथेच आहे.